६०,००० लोक झाले की अमेरिकेतल्या टेरिटरीचं, म्हणजे अजून राज्य न झालेल्या मुलखाचं, राज्य व्हायचं का? नेमकी प्रक्रिया काय होती?

नकाशावाचक:
१७८७ चा नॉर्थवेस्ट ऑर्डिनन्स म्हणतो की ६०,००० स्वतंत्र (गुलाम नसलेले) रहिवासी झाले की टेरिटरीला राज्य म्हणून सामील करून घ्यायचं. पण न्यू मेक्सिकोत १८५० च्या जनगणनेतच ६१,५४७ माणसं मोजली गेली होती आणि राज्य व्हायला १९१२ उजाडलं. उलट नेवाडात १८७० मध्येही ४२,४९१ च लोक होते, तरी ते १८६४ लाच राज्य झालेलं. मग या आकड्याला अर्थ काय? प्रत्यक्षात पायऱ्या कोणत्या होत्या आणि गाडी कुठे अडायची? शिवाय काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, घातलेल्या अटी राज्य झाल्यावर मोडल्या तर काय व्हायचं?

कलम_चार:
अमेरिकेच्या राज्यघटनेत हा आकडाच नाही. चौथ्या कलमाचा तिसरा भाग एवढंच म्हणतो की काँग्रेस नवी राज्यं सामील करून घेऊ शकते, आणि असलेल्या राज्याचा तुकडा तोडायचा असेल तर त्या राज्याच्या विधिमंडळाची संमती लागते. "घेऊ शकते", घ्यायलाच हवं असं कुठेही नाही. ६०,००० चा आकडा ओहायो नदीच्या उत्तरेकडच्या मुलखापुरता होता, आणि तिथेही पुढे लिहून ठेवलंय की देशाच्या हिताला धरून असेल तर कमी लोकसंख्येवरही प्रवेश द्यावा. ओहायो याच पळवाटेने आत आलं.

ऑर्डिनन्समधल्या पायऱ्या अशा: सुरुवातीला वरून नेमलेला एक गव्हर्नर, एक सचिव आणि तीन न्यायाधीश. हेच पाच जण सरकार. ५,००० स्वतंत्र प्रौढ पुरुष झाले की निवडलेली सभा आणि काँग्रेसमध्ये एक प्रतिनिधी, जो बोलू शकतो पण मत देऊ शकत नाही. मग ६०,००० आणि राज्य. पुढच्या टेरिटऱ्यांसाठी काँग्रेस प्रत्येकीचा वेगळा ऑरगॅनिक ॲक्ट, म्हणजे तिचा कारभार ठरवणारा कायदा, करायची. साचा साधारण तोच राहिला. गव्हर्नर नेमलेलाच, आणि टेरिटरीच्या सभेने केलेला कायदा काँग्रेस रद्द करू शकायची.

राज्य होण्याचा नेहमीचा मार्ग एनेबलिंग ॲक्टचा. टेरिटरीची सभा काँग्रेसकडे निवेदन पाठवते. काँग्रेस घटना लिहायची परवानगी देणारा कायदा करते. सीमा, परिषदेत किती सदस्य, कधी बसायचं, घटनेत काय असलंच पाहिजे, हे सगळं त्यात असतं. मग परिषद, मग मतदारांचा कौल, मग घटनेची प्रमाणित प्रत वॉशिंग्टनला आणि शेवटी राष्ट्राध्यक्षांचा जाहीरनामा. १८१८ च्या कायद्यानुसार झेंड्यावर नवा तारा मात्र पुढच्या ४ जुलैलाच चढतो.

याचा सर्वांत स्वच्छ नमुना म्हणजे २२ फेब्रुवारी १८८९ चा कायदा. एकाच कायद्यात चार राज्यं: नॉर्थ डकोटा, साउथ डकोटा, मोंटाना, वॉशिंग्टन. प्रत्येकी ७५ सदस्य, चारही परिषदा ४ जुलैला सुरू, १ ऑक्टोबरला मतदान. नोव्हेंबरच्या ११ तारखेपर्यंत चौघंही आत. दोन्ही डकोटांवर २ नोव्हेंबरला सही झाली, पण आधी कोणावर ते कळू नये म्हणून राष्ट्राध्यक्ष हॅरिसन यांनी कागद झाकून, उलटसुलट करून सह्या केल्या. म्हणून क्रम लावताना वर्णमालेचा आधार घेतात.

हडसनकाठ:
वरचा मार्ग "नेहमीचा" खरा, पण बंधनकारक नव्हता. टेनेसीने एनेबलिंग ॲक्टची वाटच पाहिली नाही. १७९५ मध्ये स्वतःच शिरगणती केली, ७७,००० च्या वर लोक भरले, नॉक्सव्हिलला घटना लिहिली, सिनेटर निवडले आणि थेट पाठवून दिले. १ जून १७९६ ला प्रवेश मिळाला, पण सिनेटने त्या दोघांना बसू दिलं नाही. त्यांना पुन्हा निवडून यावं लागलं. मिशिगनने पुढे हीच वाट धरली. वायोमिंग आणि आयडाहोनेही १८८९ मध्ये परवानगीशिवाय घटना केल्या आणि १८९० मध्ये राज्यं झाली. वायोमिंगने १८६९ मध्येच बायकांना मताधिकार दिला होता आणि तो घटनेतही ठेवला. त्यावरून प्रतिनिधीगृहात बरंच भांडण झालं, तरी तो तसाच राहिला.

आकड्यापेक्षा नव्या राज्याच्या सिनेटमधल्या दोन जागा कोणाच्या पारड्यात पडणार, हा खरा प्रश्न. नेवाडा घ्या. १८६४ ची निवडणूक तोंडावर होती, लिंकनच्या पक्षाला मतं हवी होती, गुलामगिरी बंद करणाऱ्या घटनादुरुस्तीसाठीही ती लागणार होती. त्या वर्षीच्या एनेबलिंग ॲक्टमध्ये सोय केली होती की घटना पुन्हा काँग्रेसपुढे न आणता राष्ट्राध्यक्षांनीच जाहीरनामा काढावा. पाठवलेल्या प्रती वेळेत पोचल्या नाहीत, म्हणून अख्खी घटना तारेने धाडली. १६,००० च्या वर शब्द आणि खर्च चार हजार डॉलरहून जास्त! ३१ ऑक्टोबरला जाहीरनामा, ८ नोव्हेंबरला मतदान.

न्यू मेक्सिकोचं उलट. बहुसंख्य लोक स्पॅनिश बोलणारे आणि कॅथलिक, हे पूर्वेकडच्या अनेक खासदारांना खुपायचं. १९०६ मध्ये ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको मिळून एकच राज्य करायचा घाट घातला, तो ॲरिझोनाच्या मतदारांनी उधळून लावला. युटाचे तर १८४९ पासून सहा प्रयत्न फुकट गेले. अडथळा बहुपत्नीत्वाचा होता. १८९० मध्ये तिथल्या मॉर्मन चर्चने त्यावर पाणी सोडलं, १८९४ ला एनेबलिंग ॲक्ट आला आणि ४ जानेवारी १८९६ ला राज्य झालं.

टाउनशिप३६:
जमीन आणि पैसा राहिलाच, आणि अर्धे घोळ तिथेच होत.

सरकारी मोजणीत टाउनशिप म्हणजे सहा मैल बाय सहा मैलांचा चौकोन, त्यात ३६ सेक्शन, प्रत्येक ६४० एकर. १७८५ पासून १६ व्या क्रमांकाचा सेक्शन शाळांसाठी राखीव. पुढे पश्चिमेत १६ आणि ३६ असे दोन द्यायला लागले. युटा, ॲरिझोना, न्यू मेक्सिकोला चार मिळाले (२, १६, ३२, ३६), कारण तिथली जमीन कोरडी, उत्पन्न कमी. नेमक्या त्या सेक्शनवर आधीच कोणी वसलेला असेल तर राज्याने बदल्यात दुसरीकडची जमीन निवडायची. १८८९ च्या कायद्यात तर शाळेची जमीन एकरी १० डॉलरपेक्षा कमी दराने विकायला बंदी होती. शिवाय संघराज्य त्या राज्यातली सरकारी जमीन विकेल त्यातले ५ टक्के राज्याच्या शाळांना.

याच्या बदल्यात राज्याने लिहून द्यायचं की उरलेल्या सरकारी जमिनीवर आणि मूलनिवासींच्या जमिनीवर आमचा हक्क नाही. मूलनिवासींना स्वतःला मात्र या प्रक्रियेत जागाच नव्हती. १९०५ मध्ये इंडियन टेरिटरीतल्या जमातींनी सेक्वॉया नावाच्या राज्याची घटना केली, मतदारांनी ती मोठ्या फरकाने मंजूर केली, पण काँग्रेसने ढुंकूनही पाहिलं नाही. १९०७ मध्ये तो मुलूख ओक्लाहोमात घातला.

आणखी एक गोष्ट सुटते: मतदार "नको" म्हणायचे. टेरिटरीच्या गव्हर्नर-न्यायाधीशांचा पगार संघराज्याच्या तिजोरीतून यायचा, राज्य झालं की तो बोजा स्थानिक करांवर. कोलोरॅडोच्या मतदारांनी १८६४ ला घटना फेटाळली, त्यात करवाढीची भीती होतीच. नंतर राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी दोनदा नकाराधिकार वापरला आणि कोलोरॅडो १८७६ पर्यंत रखडलं. आयोवाने १८४५ मध्ये काँग्रेसने कापलेल्या सीमेमुळे नकार दिला. मिशिगनचं ओहायोशी टोलेडोच्या पट्ट्यावरून भांडण. काँग्रेसने पट्टा ओहायोला आणि बदल्यात अप्पर पेनिन्सुला मिशिगनला दिला. सप्टेंबर १८३६ च्या परिषदेने ते नाकारलं, डिसेंबरमध्ये दुसरी भरवून मान्य केलं. तेव्हा तोटा वाटलेल्या त्या मुलखात पुढे तांबं आणि लोखंड निघालं.

नकाशावाचक:
अटींचं काय? आणि ओहायोची तारीख कुठे १९ फेब्रुवारी १८०३ दिसते, कुठे १ मार्च. कोणती धरायची?

कलम_चार:
अटी दोन जातीच्या. जमिनीबद्दलच्या, म्हणजे शाळेचे सेक्शन, त्यांचा दर, सरकारी जमिनीवरचा हक्क सोडणं, या टिकतात, कारण संघराज्याच्या मालमत्तेवर काँग्रेसचा अधिकार आहेच. पण इतर राज्यांवर जे लादता येत नाही ते नव्या राज्यावर कायमचं लादता येत नाही. ओक्लाहोमाच्या एनेबलिंग ॲक्टमध्ये अट होती की राजधानी १९१३ पर्यंत गथ्रीलाच ठेवायची. १९१० मध्ये मतदारांनी ती ओक्लाहोमा सिटीला हलवली. कॉइल विरुद्ध स्मिथ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९११ मध्ये सांगितलं की ही अट चालणार नाही, सगळी राज्यं समान पायरीवर.

ॲरिझोनाने तर कोर्टाचीही वाट पाहिली नाही. घटनेत न्यायाधीशांना मतदारांनी परत बोलावण्याची तरतूद होती म्हणून राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी ऑगस्ट १९११ मध्ये नकाराधिकार वापरला. ॲरिझोनाने तरतूद काढली, १४ फेब्रुवारी १९१२ ला राज्य झालं आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये मतदारांनी ती परत घातली. टाफ्ट काही करू शकले नाहीत.

ओहायोसाठी १ मार्च धरा. १९ फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांनी सही केलेल्या कायद्यात ओहायो हे राज्य झालंय असं गृहीत धरलं होतं, पण प्रवेशाचा रीतसर ठराव झालाच नाही. १ मार्चला चिलिकोथीत राज्याचं पहिलं विधिमंडळ बसलं. १९५३ मध्ये ही चूक लक्षात घेऊन काँग्रेसने मागच्या तारखेने ठराव केला आणि १ मार्च १८०३ ही तारीख पक्की केली.