मोझेकची कुंडी: या कामाला मराठीत काय म्हणायचं?

गेल्या आठवड्यात नाशकात गंगापूर रोडच्या एका नर्सरीतून मातीची साधी कुंडी आणली आणि आईला म्हटलं, हिच्यावर मोझेक करायचंय. आई म्हणाली, "मोझेक म्हणजे फरशी ना गं?"

तिचं चुकलं नव्हतं. सत्तर-ऐंशीच्या दशकात ज्यांनी घरं बांधली, त्यांच्या लेखी मोझेक म्हणजे सिमेंटात संगमरवराची बारीक खडी घालून, घासून गुळगुळीत केलेली लादी. फुटक्या टाइल्स, बश्या आणि काचा बसवून केलेली नक्षी त्या शब्दातून डोळ्यांसमोर येत नाही. मग या कामाला आपला शब्द कोणता?

प्रतिसाद १
मराठी विश्वकोशात 'कुट्टिमचित्रण' आहे. तयार शब्द असताना नवा कशाला शोधायचा?

प्रतिसाद २ (धागा मांडणारी)
शब्द चांगला आहे, पण त्याचं मूळ पाहा. अमरकोशात 'कुट्टिमोऽस्त्री निबद्धा भूः' असं आहे, म्हणजे बांधून काढलेली जमीन. धातू कुट्ट्, आपलं मिरच्या कुटणं त्याच घरातलं. म्हणजे कुट्टिमही शेवटी फरशीच, आई अडली तिथेच आपणही परत आलो! जुन्या देवळा-राजवाड्यांतल्या चित्रांबद्दल लिहिताना तो शोभेल. शेजारच्या काकूंना मात्र "कुंडीवर कुट्टिमचित्रण केलं" असं सांगवत नाही.

मला 'ठिकरीकाम' जवळचं वाटतं. ठिकरी म्हणजे फुटलेल्या भांड्याचा चपटा तुकडा, लहानपणी अंगणात घरं आखून टाकायचो तीच. उदयपूरकडे काचेचे तुकडे बसवून करतात त्या कामाला 'ठीकरी' असंच नाव आहे. बार्सिलोनात वास्तुकार गाउदीच्या ग्युएल उद्यानातला तो लांबच लांब नागमोडी बाक फुटक्या टाइल्सनी मढवलाय. त्या प्रकाराला तिथल्या कातालान भाषेत 'त्रेंकादीस' म्हणतात, आणि तो शब्दही 'मोडणे' या क्रियापदावरूनच आलाय. काम मोडक्या तुकड्यांचं, तर नावातही मोडणं असावं, असं मला मनापासून वाटतं.

प्रतिसाद ३
मग 'खापरी' का नको? खापरही भांड्याचंच असतं.

प्रतिसाद ४ (धागा मांडणारी)
कारण कुंडीत खापरीची जागा आधीच ठरलेली आहे. तळाच्या भोकावर आपण ठेवतो ती खापरी, पाणी जावं आणि माती राहावी म्हणून. शिवाय खापर मातीच्या भांड्याचं. चिनी मातीच्या बशीला किंवा टाइलला ते लावायला जीभ वळत नाही.

'कपची' वेगळी. परवा टाइल जुन्या फडक्यात गुंडाळून हातोडीनं ठोकली, तेव्हा हाती आल्या त्या ठिकऱ्या. मग त्यांच्या कडा पकडीनं कुरतडताना टिचून उडाल्या त्या कपच्या. (डोळ्यांवर चष्मा हवाच. एक कपची माझ्या भुवईला लागली.)

अजून एक. आईनं हिरव्या काचेच्या बांगड्यांचे तुकडे आणून दिले आणि बजावलं, "फुटक्या म्हणू नकोस, वाढलेल्या आहेत." बशी फुटते, टाइल टिचते, बांगडी मात्र वाढते. एकाच कुंडीवर तिघींचे तुकडे शेजारी बसतात आणि प्रत्येकीचं क्रियापद निराळं. असं बोलणारी भाषा आपल्याला मिळाली याचा मला फार आनंद वाटतो.

प्रतिसाद ५
गवंडीकामातले शब्द इथे सरळ चालतील. तुकडे 'बसवायचे'. 'जडवणं' सोन्यातल्या खड्यांसाठी राहू द्या. मधल्या फटींत पांढरं सिमेंट भरतात ते 'दरजा भरणं'. भरून झालं की थोड्या वेळानं ओल्या स्पंजनं पुसून घ्या, नाहीतर तुकड्यांवर पांढुरकी साय धरते. नंतर काही दिवस 'पाणी मारायचं'. उन्हाळ्यात नाशकात हे टाळलंत तर दरजा तडकतील. कुंडी आतून वॉटरप्रूफ रंगानं रंगवा. मातीची कुंडी पाणी पिते, ते बाहेर झिरपून 'लोणा', म्हणजे क्षारांचा पांढरा थर, धरतो आणि तुकडे सुटतात.

प्रतिसाद ६ (धागा मांडणारी)
'दरजा' मी विसरलेच होते, आजोबांच्या तोंडी ऐकलाय. माझ्या पहिल्या कुंडीचे तुकडे नेमके लोणा धरूनच सुटले, आणि मी सिमेंटला दोष देत बसले होते.

'कुंडी' शब्द तरी निर्विवाद आहे. कुंड मोठं, कुंडी लहान. आपण रामकुंडाच्या गावचे, त्यामुळे वेगळं सांगायला नको. ज्या गावाला मोगलांनी गुलशनाबाद, म्हणजे बागांचं गाव, म्हटलं, तिथे बागेतल्या कामासाठी शब्द उसने घ्यायची पाळी येऊ नये.

काल संध्याकाळी आई जिन्यात काकूंना सांगत होती, "कपबशी फुटली तर टाकू नका हो, आमच्याकडे ठिकऱ्या लागतात."