सर्वांचे डबे भरताना स्वतःचे जेवण राहते: हिमोग्लोबिन ९.८, घरच्याच अन्नातून काय करता येईल?

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव)

नमस्कार. माझे वय ४१ वर्षे असून मी उद्यमबागेतील एका कारखान्याच्या हिशेब विभागात नोकरी करते. मुलांचे व यजमानांचे डबे, सासूबाईंची औषधे आणि स्वयंपाक उरकून बस गाठेपर्यंत माझ्या पोटात चहाखेरीज काही गेलेले नसते. महिनाअखेरीला दुपारचा डबा चार वाजता उघडला जातो आणि रात्री सर्वांची पाने वाढून झाल्यावर जी भाकरी व आमटी उरेल तिच्यावरच माझे जेवण होते. अलीकडे जिना चढताना धाप लागते, केस गळतात आणि क्षुल्लक कारणावरून मुलांवर चिडचिड होते. तपासणीत हिमोग्लोबिन ९.८ निघाले. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि सकस आहार घ्या, ताण घेऊ नका, असे सांगितले. मोबाइलवर पाहावे तर ओट्स आणि बदामाचे दूध यांचेच सल्ले दिसतात. आम्ही शाकाहारी आहोत. वेगळा स्वयंपाक न करता हे कसे साधावे, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

उत्तर १ (निवृत्त परिचारिका, खानापूर)

ताई, गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन किमान १२ असावे असे मानतात आणि ८ ते १०.९ या दरम्यानचा रक्तक्षय मध्यम स्वरूपाचा समजला जातो. त्यामुळे धाप आणि चिडचिड हा तुमच्या स्वभावाचा दोष आहे असे मुळीच समजू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले होते. मात्र गोळ्या सुरू केल्या म्हणजे काम संपले असे नाही. पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, हे डॉक्टरांना स्पष्टपणे सांगा. तुम्ही शाकाहारी असल्यामुळे बी-१२ आणि सोबत थायरॉइड यांची तपासणी करावी का, हेही विचारा.

आहारात पहिला बदल चहाच्या वेळेचा करावा. चहातील टॅनिन अन्नातले लोह शरीरात शोषले जाऊ देत नाही. म्हणून जेवणाच्या आणि गोळीच्या आधी व नंतर निदान तासभर चहा घेऊ नये. याउलट लिंबू, आवळा, पेरू यांतील क जीवनसत्त्वामुळे तेच लोह अधिक प्रमाणात अंगी लागते, तेव्हा उसळीवर लिंबू पिळायला विसरू नका.

सकाळसाठी आंबील सुचवते. रात्री नाचणीचे दोन मोठे चमचे पीठ वाटीभर पाण्यात कालवून झाकून ठेवावे. सकाळी कुकर लावला की शेजारच्या शेगडीवर आणखी वाटीभर पाणी उकळून त्यात ते ओतावे, गुठळी होऊ न देता चकाकी येईपर्यंत ढवळावे आणि कोमट झाल्यावर ताक, मीठ, जिरेपूड व ठेचलेली लसणाची पाकळी घालावी. हे उभ्या उभ्यासुद्धा पिता येते. नाचणीने रक्त वाढते असे आपल्याकडे सर्रास सांगतात, पण तिचे खरे बळ कॅल्शियममध्ये आहे. १०० ग्रॅम नाचणीत ते साधारण ३५० मिलिग्रॅम असते. लोहासाठी हुलगे, मटकी, चवळी, राजगिऱ्याचा पाला आणि हळीव यांच्याकडे वळावे लागेल. कडधान्याला मोड आणले की लोह अडवून धरणारे फायटेट कमी होते, म्हणून हुलगे मोड आणूनच शिजवावेत.

दुसरी उणीव प्रथिनांची असते. प्रौढ व्यक्तीला शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे वजन ६० किलो असेल तर सुमारे ५० ग्रॅम. उरलेल्या पातळ आमटीवर ही गरज भागणे शक्य नाही. घट्ट उसळ, दही, आणि भाकरीसोबत कारळ्याची किंवा शेंगदाण्याची चटणी रोज असू द्या. कार्यालयात चार वाजता नुसते चिरमुरे खाऊ नका, त्यांत मूठभर फुटाणे आणि शेंगदाणे मिसळा.

उत्तर २ (हिंडलगा)

वरील सल्ला योग्यच आहे, परंतु मला वाढण्याच्या क्रमाविषयी बोलावेसे वाटते. शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटात उसळ उरतच नाही, मग पातेल्यात कितीही हुलगे शिजवले तरी त्यांचा तिला काय उपयोग? आमच्या एकत्र कुटुंबात आता भांडी मध्ये ठेवून सर्वजण एकाच वेळी बसतात आणि ज्याला जे हवे ते तो स्वतः वाढून घेतो. सुरुवातीला सासूबाईंना हे रुचले नव्हते. सुनेच्या रक्ततपासणीचा कागद त्यांनी पाहिला तेव्हा त्यांनीच तिला आपल्या शेजारी बसवले. ताई, तुमचाही कागद घरात सर्वांना दाखवा, आणि सकाळी पहिला डबा स्वतःचा भरा.

उत्तर ३ (निपाणी)

आमच्या भागात विड्या वळणाऱ्या बायका पुष्कळ आहेत आणि त्यांच्याविषयी कळकळीने एक गोष्ट सांगायची आहे. सकाळी मिश्री लावली की भूक मरते, त्यामुळे न्याहारी टळते आणि दुपारपर्यंत चहावर निभावले जाते. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच आहे. ती दातांसाठी चांगली असते हा समज साफ चुकीचा असून तिच्यामुळे तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो आणि गरोदरपणी बाळाचे वजन कमी भरते. प्रश्न विचारणाऱ्या ताईंचा याच्याशी संबंध नसेल, पण हे वाचणाऱ्या कुणाच्या घरी आई किंवा आत्या मिश्री लावत असेल, तर लोहाच्या गोळ्यांबरोबरच ही सवय सोडवण्याविषयीही आशाताईंशी, म्हणजे गावातल्या आरोग्यसेविकेशी, बोलावे.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. गोळी घेतल्यावर मळमळते आणि शौचास काळे होते, म्हणून ती बंद करावी असे वाटत होते. शिवाय चिडचिडीनंतर रात्री झोप लागत नाही, त्यासाठी काय करावे?

उत्तर १ (निवृत्त परिचारिका, खानापूर)

काळे शौच हा लोहाच्या गोळीचा नेहमीचा परिणाम आहे, त्याला घाबरू नये. मात्र ते डांबरासारखे चिकट असेल किंवा पोटात दुखत असेल तर लगेच डॉक्टरांना दाखवा. मळमळत असेल तर गोळी रात्रीच्या जेवणानंतर लिंबूपाण्यासोबत घ्या. दुधाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर ती कधीही घेऊ नका. तरीही त्रास थांबला नाही तर गोळी बदलून मागा, स्वतःहून बंद करू नका, कारण हिमोग्लोबिन १२ वर पोहोचल्यानंतरही शरीरातील लोहाचा साठा भरून येण्यासाठी ती काही महिने चालू ठेवावी लागते.

झोपेसाठी दुपारनंतरचा चहा बंद करून पाहा आणि महिनाअखेरीचा ताण घरात उघडपणे बोलून दाखवा. मन फारच अस्वस्थ होत असेल तर टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. मानसिक आरोग्यासाठीची केंद्र सरकारची ही मोफत सेवा चोवीस तास चालते.