भीष्मांच्या मते राजा देव, की पिसाळलेला कुत्रा?

तीन महिने झाले, रोज सकाळी थोडं थोडं महाभारत वाचतेय, हातात पेन्सिल घेऊन. शांतिपर्वाच्या ६८व्या अध्यायात आलं की राजाला माणूस समजून त्याचा अवमान करू नये, 'महती देवता ह्येषा नररूपेण तिष्ठति', ही माणसाच्या रूपातली थोर देवताच. समासात 'बरं' लिहून पुढे गेले. मग अनुशासनपर्वात तेच भीष्म, त्याच शरशय्येवरून, त्याच युधिष्ठिराला सांगतात: 'मी तुमचं रक्षण करीन' म्हणून जो राजा रक्षण करत नाही, त्याला प्रजेने एकत्र येऊन मारावं, 'श्वेव सोन्माद आतुरः', वेड्या, आजारी कुत्र्यासारखं! आता त्या 'बरं'चं काय करू? 'प्रक्षिप्त असेल', म्हणजे मागाहून कोणी घुसडलं असेल, हे उत्तर कृपया नको. नावडता श्लोक दिसला की सगळे तेच म्हणतात.

प्रतिसाद १
ताई, ६८वा अध्याय कोण कोणाला सांगतंय ते पाहा. कोसलराजा वसुमना विचारतोय, बृहस्पती उत्तर देताहेत. भीष्म फक्त तो संवाद ऐकवतात. त्याच्या आधीच्याच अध्यायात मात्स्यन्याय आहे, मोठा मासा लहानाला गिळतो तो. तिथे धास्ती राजाची नाही, राजा नसण्याची आहे. अनुशासनपर्वात राजा आहे, कर घेतोय आणि वर लुटतोय. त्याला शब्दच वेगळा वापरलाय, 'राजकलि', राजाच्या रूपातला कली.

प्रतिसाद २
अधर्मी राजा वेन विसरलात? शांतिपर्वातच, ५९व्या अध्यायात, ऋषींनी त्याला मंत्रलेल्या कुशांनी (दर्भांनी) मारलं. पण तेवढ्यावर थांबले नाहीत. त्याच्या उजव्या हाताच्या मंथनातून पृथू काढला आणि त्याच्याकडून आधी प्रतिज्ञा वदवून घेतली. राजा गेला, राजपद ठेवलं.

मूळ प्रश्नकर्ती
वसुमनाचं पटलं, ते माझ्या नजरेतून निसटलं होतं. पण वेनाच्या वेळी ठरवणारे ऋषी होते. इथे ठरवणार प्रजा. रक्षण झालं नाही हे कोण म्हणायचं? चोरी झालेला प्रत्येक जण?

प्रतिसाद १
'राजकलि' ज्यात आहे त्या, लगेच आधीच्या श्लोकात 'अरक्षिता' (रक्षण न करणारा) एकटा नाही, सोबत 'हर्ता' (हिरावून घेणारा) आणि 'विलोप्ता' (लुटणारा) आहेत. नुसता दुबळा राजा यात बसत नाही. आणि दोन्हीकडे ऐकणारा राजाच आहे हो! प्रजेला हत्यार देण्यापेक्षा युधिष्ठिराला घाम फोडणं हा हेतू मला जास्त दिसतो.

मूळ प्रश्नकर्ती
असेल. पण 'निहन्तव्यः', 'मारावा', हे ऐकून प्रजेने कान झाकले असतील असं वाटत नाही. आणि हे सांगणारे भीष्म द्यूतसभेत...

प्रतिसाद २
त्याला वेगळा धागा काढा. इथे सुरू झालं तर वेन बिचारा पुन्हा मरेल.