हरताळ पाळला की हरताळ फासला?

निळीशाई:
एका व्यापारी संघटनेच्या स्मरणिकेचा मजकूर तपासायला आलाय. त्यात २०१३ साली जकातीच्या जागी आलेल्या महापालिकांच्या स्थानिक संस्था कराविरुद्ध, म्हणजे सगळे ज्याला एलबीटी म्हणायचे त्याविरुद्ध, दुकानं बंद राहिली त्यावर लेख आहे. लेखकानं एकाच पानावर 'व्यापाऱ्यांचा संप', 'बेमुदत बंद' आणि 'कडकडीत हरताळ' असे तिन्ही शब्द वापरलेत. शेवटी लिहिलंय, 'सरकारने दिलेल्या शब्दाला हरताळ फासला.' म्हणजे व्यापाऱ्यांनी पाळला तोही हरताळ आणि सरकारनं फासला तोही हरताळ! हे दोन्ही एकच का? आणि मथळ्यात संप, बंद, हरताळ यांपैकी काय ठेवू?

पोथीपान:
एकच नाहीत. दिसायला जुळे, पण आईबाप वेगळे.

बाजाराचा हरताळ म्हणजे 'हट्ट' अधिक 'ताळा'. हट्ट म्हणजे बाजार, आपला हाट तोच. ताळा म्हणजे कुलूप. हिंदी-गुजरातीत हडताल, हडताळ असं म्हणतात, तिथं 'ड' शाबूत आहे. आपल्याकडे त्याचा 'र' झाला आणि घोटाळा झाला, कारण हरताळ नावाची दुसरी वस्तू मराठीत होतीच. ती संस्कृतातल्या 'हरिताल'वरून आली. गंधक आणि सोमल, म्हणजे आर्सेनिक, यांचं पिवळंजर्द खनिज. पोथी लिहिताना अक्षर चुकलं की त्यावर हरताळाचा लेप द्यायचा आणि वाळला की वरून बरोबर अक्षर लिहायचं. आजच्या व्हाइटनरचा पिवळा पणजोबा म्हणा. त्यावरून 'हरताळ फासणे' म्हणजे लिहिलेलं, ठरलेलं पुसून टाकणं. वचनाला, नियमाला, तत्त्वाला हरताळ फासतात.

तेव्हा क्रियापद बघा. पाळला तर कुलूप, फासला तर लेप. पोथीवाले निदान त्यावर काहीतरी बरोबर लिहायचे. राजकारणात नुसताच फासतात.

उंबरठा:
आणि हरतालिका?

पोथीपान:
ती तिसरीच. सखीनं हरण करून नेलेली, अशी फोड व्रतकथेतच आहे. तिचा कुलपाशीही संबंध नाही आणि सोमलाशीही नाही. बायका त्या दिवशी कडकडीत उपास करतात हा योगायोग.

भुसारबाजार:
मी धान्याच्या व्यापारात आहे, तिसरी पिढी. निळीशाईताई, 'व्यापाऱ्यांचा संप' आधी खोडा. आम्ही संप करत नाही. संप नोकरी करणारा करतो, तो आपली मेहनत रोखतो आणि त्याचा पगार कापला जातो. आमचा पगार कोण कापणार? आम्ही दुकान रोखतो. बोलताना आम्ही 'बंद' म्हणतो. 'हरताळ' आमच्या आजोबांच्या तोंडी होता, आता फक्त छापील पत्रकात उरलाय.

निळीशाई:
हिंदीत मात्र गिरणी कामगारांची पण हडताल आणि दुकानदारांची पण हडताल. मराठीनं दोन खण केलेत हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

पोथीपान:
गंमत म्हणजे 'संप'चा जुना अर्थ एकोपा, एकमत. गुजरातीत अजून तोच आहे, 'घरात संप आहे' म्हणजे घरात गोडीगुलाबी आहे. आपल्याकडे सगळ्यांनी एकमतानं काम थांबवलं त्याला संप म्हणायला लागले आणि मूळचा अर्थ मागे पडला. मराठी माणसाचा एकोपा फक्त काम थांबवण्यापुरता, असा विनोद कोणी करायच्या आत मीच करून टाकतो.

दर्यावर्दी:
पण हरताळ हा शब्द करविरोधाचाच आहे का? मला वाटायचं तो गांधीजींचा.

पोथीपान:
६ एप्रिल १९१९ ला रौलट कायद्याविरुद्ध गांधीजींनी देशभर हरताळाची हाक दिली, तिथून तो इंग्रजी वर्तमानपत्रांतही गेला. श्रीलंकेत १२ ऑगस्ट १९५३ ला तांदळाच्या भावावरून देश ठप्प झाला, त्याला तिथले लोक आजही हरताळच म्हणतात. पण बाजार बंद करून कराला नाही म्हणायची रीत फार जुनी आहे. १८१०-११ मध्ये कंपनी सरकारनं बनारसमध्ये घरपट्टी बसवली तेव्हा लोकांनी दुकानं आणि कामधंदे बंद ठेवले, हजारोंनी घराबाहेर पडून मोकळ्या मैदानात ठाण मांडलं. शेवटी कंपनीला ती पट्टी मागे घ्यावी लागली. सुरतेत १८४४ साली मिठावरचा कर मणामागे आठ आण्यांवरून एक रुपया झाला, तेव्हा शहर पेटलं. मला विचाराल तर हरताळाला राजकारण नंतर चिकटलं. आधी तो हाटाचा होता आणि हाटाला पहिली चीड कराची.

वऱ्हाडीठेचा:
राजेहो, एक साधा प्रश्न. कर तर गिऱ्हाईक भरते. दुकानदार फक्त गोळा करते. मग शटर कायले पाडता?

भुसारबाजार:
भाऊ, हा प्रश्न मला २०१३ ला घरात बायकोनंही विचारला होता, त्यामुळे उत्तर तयार आहे.

आधी जकात होती, शहरात येणाऱ्या मालावरचा कर. ट्रक नाक्यावर थांबायचा, तिथंच पैसे भरले जायचे, पावती घेऊन माल दुकानी यायचा. नाक्यावर काय काय चालायचं ते सगळ्यांना माहीत आहे, त्यात जात नाही. पण एकदा माल आत आला की विषय संपला. एलबीटीत नाका गेला आणि हिशेब आला. नोंदणी करा, शहरात कोणता माल कुठून आणला ते लिहा, स्वतः हिशेब करून कर भरा, विवरणपत्र द्या, आणि कधीही कोणी येऊन वह्या मागेल त्याची तयारी ठेवा. विक्रीवरच्या व्हॅटचं सगळं राज्याच्या खात्याकडे भरत होतोच, आता महापालिकेचं दुसरं दप्तर. पुणे, नागपूर, ठाण्यात १ एप्रिल २०१३ पासून तो लागू झाला आणि एप्रिल-मे आमचे त्यातच गेले. आमचं म्हणणं कर नको असं नव्हतं. व्हॅटमध्येच टक्का वाढवा आणि महापालिकांना वाटून द्या, पण दुसरा साहेब आणू नका, असं होतं.

म्हणजे चीड टक्क्याची कमी आणि वहीची जास्त. हे वर्तमानपत्रांत फारसं आलं नाही. तिथं 'व्यापाऱ्यांचा कर भरण्यास नकार' असंच छापून आलं.

वऱ्हाडीठेचा:
आणि वहीत जे लिहिलं नाही ते पण बाहेर येईल, ही भीती नव्हती म्हणता?

भुसारबाजार:
होती. सगळ्यांना नाही, पण होती. खोटं कशाला बोलू.

मोडीवाचक:
'जकात' आलीच आहे तर सांगतो. मूळ अरबी 'झकात' म्हणजे धर्मानं सांगितलेलं दान. फारसीतून आपल्याकडे येईपर्यंत दानाची नाक्यावरची वसुली झाली. जकात, जकातदार, जकातनाका. मुंबईत ती ३० जून २०१७ च्या मध्यरात्रीपर्यंत चालू होती. एलबीटी मुंबईला लागू करायचा बेत होता, पण विरोधापुढे तो बारगळला. बाकी महापालिकांत १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या खाली उलाढाल असणाऱ्यांचा एलबीटी गेला, उरलेला जीएसटीनं गिळला. मुलुंड, दहिसरला बसचे कंडक्टर अजूनही 'चेकनाका' असाच पुकारा करतात. कर गेला, थांबा राहिला.

जुन्या कागदांत करांची नावं काय रसरशीत आहेत! गुरांच्या विक्रीवर 'शिंगशिंगोटी', कारागीर-दुकानदारांवर 'मोहतर्फा', लग्नावर 'लग्नटका'. नाव ऐकलं की कोणाच्या खिशाला हात घातला ते कळायचं. आता 'स्थानिक संस्था कर' म्हणजे कोणती संस्था आणि कसला कर? व्हॅटचा 'मूल्यवर्धित कर' हा शब्द तर मी एकाही दुकानदाराच्या तोंडून ऐकलेला नाही. त्या मानानं 'विक्रीकर' सरळ होता. विकलं, कर दिला. मद्रास प्रांतात राजाजींच्या, म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारींच्या, मंत्रिमंडळानं १९३९ साली सर्वसाधारण विक्रीकर आणला, दारूबंदीनं बुडालेलं उत्पन्न भरून काढायला. मुंबई प्रांतात तो १९४६ ला आला. २००५ मध्ये त्याच्या जागी व्हॅट आला तेव्हाही दुकानं बंद झालीच होती.

उंबरठा:
माझा मुलगा लोकसेवा आयोगाची तयारी करतोय. 'विक्रीकर निरीक्षक' या पदाचं आता 'राज्य कर निरीक्षक' झालंय, पण क्लासात सगळे एसटीआयच म्हणतात. आधीचं सेल्स टॅक्स, आताचं स्टेट टॅक्स, इंग्रजी आद्याक्षरं दोन्हीकडे तीच, त्यामुळे कोणाचं काही अडलं नाही.

निळीशाई:
आता खरी अडचण सांगते. लेखात 'जिझिया' दोनदा आलाय. 'हा जिझिया कर व्यापाऱ्यांवर लादण्यात आला.' ठेवू का?

मोडीवाचक:
काढा. जिझिया हा बिगरमुस्लिमांवरचा डोईपट्टीसारखा कर. औरंगजेबानं १६७९ मध्ये तो पुन्हा बसवला. मालाच्या खरेदी-विक्रीशी त्याचा काही संबंध नाही. आपल्याकडे पार्किंगचे दहा रुपये वाढले तरी जिझिया.

दर्यावर्दी:
पण भाषेत तो अर्थ रुळलाय ना? 'मोगलाई माजली' म्हणतो तेव्हा कुठे मोगल असतात? ऐकणाऱ्याला 'अन्यायाचा कर' एवढंच कळतं.

मोडीवाचक:
रुळलाय, मान्य. चहाच्या टपरीवर खुशाल म्हणा. पण स्मरणिका पंचवीस वर्षांनी कोणी वाचेल आणि त्याला वाटेल की खरंच धर्म बघून कर घेत होते. शिवाय जो शब्द सगळ्यालाच लागू होतो तो कशालाच लागू होत नाही.

निळीशाई:
'जाचक कर' करते. फिकट आहे, पण खरं आहे. 'लादला' ठेवते.

पोथीपान:
ठेवाच. मराठीत कर सरकार 'लावतं' किंवा 'बसवतं', कारकून तो 'आकारतो' आणि ज्याला द्यायचा असतो त्याच्यावर तो 'लादला' जातो. लादणे हे बैलाच्या पाठीवरच्या गोणीचं क्रियापद आहे. एका शब्दात बाजू कळते. म्हणूनच सरकारी परिपत्रकात 'लादणे' कधी सापडायचं नाही.

वऱ्हाडीठेचा:
'लाक्षणिक बंद' म्हणजे काय असते पण? एक दिवसाचा बंद लाक्षणिक, मग बेमुदत बंद वाच्यार्थानं का?

पोथीपान:
हसलो. पण तुम्ही बरोबर तिथंच बोट ठेवलंत. काव्यशास्त्रात लक्षणा म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ सोडून त्याला धरून असलेला दुसरा अर्थ घेणं. एका दिवसाच्या बंदनं सरकारचं काही अडत नाही. तो पुढच्या बंदची नुसती खूण, म्हणून लाक्षणिक. बेमुदत बंद हा खरोखरच वाच्यार्थ.

भुसारबाजार:
आमच्याकडे आणखी एक प्रकार असतो, अर्धं शटर. संघटनेचं पथक आलं की खाली, गेलं की गुडघ्यापर्यंत वर. नेहमीचं गिऱ्हाईक वाकून आत येतं. याला शास्त्रात काय म्हणतात?

पोथीपान:
व्यंजना. न बोलता सुचवलेला अर्थ.

निळीशाई:
लेखाच्या शेवटी १६ जुलै २०२२ च्या बंदचाही उल्लेख आहे, पाकीटबंद धान्यावर ५ टक्के जीएसटी लागला तेव्हाचा. लेखक म्हणतो, 'सुट्या धान्याला कर नाही, बांधलेल्याला आहे.' हे बरोबर आहे का? की इथंही शब्दाचाच घोळ?

भुसारबाजार:
शब्दाचाच. आधी कर नोंदवलेल्या ब्रँडच्या मालाला होता. १८ जुलै २०२२ पासून ब्रँड असो वा नसो, आधी बांधून लेबल लावलेल्या डाळ-तांदूळ-पिठाला कर आला, पण पिशवी २५ किलोपर्यंतची असेल तरच. त्याच्यावर गेली की नाही. मग काय, बाजारात २६ किलोचे कट्टे आले. २५ किलोचा कट्टा 'पाकीट' आणि २६ किलोचा 'पाकीट' नाही, हा अर्थ कुठल्या शब्दकोशात आहे ते पोथीपान यांनी शोधून द्यावं.

दळणवाल्या आजी मात्र पाच किलो ज्वारी सुटी मोजून नेतात. त्यांना कर नाही. पाच किलोची तयार पिशवी उचलली की आहे. ज्वारी एकच.

उंबरठा:
त्या आजींना कोणी सांगितलं का, की तुमच्या बाजूनं बंद होता म्हणून?

भुसारबाजार:
नाही सांगितलं. त्या आदल्या दिवशी येऊन दोन दिवसांचं घेऊन गेल्या.

निळीशाई:
मथळा ठरला, 'एलबीटीविरोधातील बंद'. आत एका ठिकाणी 'हरताळ पाळला' राहू देते, आजोबांच्या नावानं. 'संप' सगळीकडून काढला. 'शब्दाला हरताळ फासला' तसंच ठेवलंय, पण दोघांत आता चार परिच्छेदांचं अंतर आहे.

एक राहिलं. लेखक सुरुवातीला लिहितो, 'रोज रात्री नऊला दुकान वाढवणारे आम्ही, त्या दिवशी उघडलेच नाही.' माझ्या सहकाऱ्यानं 'वाढवणारे'वर लाल खूण करून 'बंद करणारे' असं केलंय. त्याला वाटलं, दुकानाचा विस्तार.

पोथीपान:
खूण पुसा. वाटल्यास हरताळ फासा. नारळ वाढवतो, बांगडी वाढवली म्हणतो, तसंच दुकान वाढवणे. फुटणं, बंद होणं हे अशुभ, म्हणून उलटा शब्द.

भुसारबाजार:
वडील आम्हाला 'दुकान बंद कर' म्हणू द्यायचे नाहीत. म्हटलं की टपली. एप्रिल २०१३ मध्ये त्यांनीच खडूनं फळीवर 'बंद' लिहिलं, मोठ्या अक्षरात, आणि मला म्हणाले, हे आज लिहायचं असतं.

नऊ वाजत आले. पोराला हाक मारतो, दुकान वाढवायचंय.