पहिली रॉक कॉन्सर्ट: पुढची रांग की मिक्सिंग डेस्क?

सी-३०२: नमस्कार मंडळी. लेकीला तिच्या आवडत्या रॉक बँडच्या कॉन्सर्टला जायचंय. वय १७, आयुष्यातली पहिलीच लाइव्ह कॉन्सर्ट. सोबत मोठा चुलतभाऊ आहे. तिकीट स्टेजसमोर उभं राहायच्या भागातलं आहे. अजून १२ दिवस आहेत. आपल्या ग्रुपवर या कामातली माणसं आहेत म्हणून विचारते, तयारी काय करू? आणि तिचा हट्ट आहे की पहिल्या रांगेतच उभं राहणार.

ए-११०१: ताई, आधी पहिल्या रांगेचंच बोलतो. तिथून चेहरे दिसतात, पण आवाज नीट मिळत नाही. मुख्य स्पीकर स्टेजच्या दोन्ही बाजूंना उंचावर टांगलेले असतात, एकाखाली एक, धनुष्यासारखे वाकलेले. त्यांचा रोख मागच्या गर्दीकडे असतो. कठड्याला चिकटून मधोमध उभं राहिलं की तो आवाज डोक्यावरून निघून जातो. मग ऐकू काय येतं? ड्रमच्या झांजा, गिटारच्या अँपचा (गिटारचा आवाज वाढवणाऱ्या पेटीचा) थेट आवाज आणि जमिनीवरच्या सबवूफरचे, म्हणजे बेसच्या मोठ्या स्पीकरचे, छातीवर बसणारे धक्के. गायकाचा आवाज त्यात बुडून जातो. स्टेजच्या कडेवर छोटे स्पीकर ठेवतात ते या पुढच्या लोकांसाठीच, पण त्यांनी सगळी भरपाई होत नाही.

सी-३०२: मग उभं कुठे राहायचं?

ए-११०१: आत गेल्यावर आधी मिक्सिंग डेस्क शोधायचा. गर्दीच्या मधल्या भागात, कठड्याने वेढलेला एक ओटा असतो, त्यावर बटणांचं लांबलचक टेबल. आवाज जुळवणारा माणूस तिथे उभा राहून स्वतःच्या कानाला काय येतंय त्यावर सगळं ठरवतो. ड्रम किती, गिटार किती, गायक किती, हे त्या जागेसाठी जुळवलेलं असतं. म्हणून त्या ओट्याच्या अगदी पुढे, त्याच्या कठड्याला पाठ लावून उभं राहायचं. पाठीशी कठडा असला की मागून कोणी रेटत नाही, हा वेगळा फायदा.

अजून एक. सबवूफर डाव्या-उजव्या बाजूला वेगवेगळे ठेवले असतील तर बरोबर मधल्या रेषेवर दोन्हीकडचा बेस एकाच वेळी पोहोचतो आणि तिथे तो फुगतो. बेस गिटार आणि ड्रमचा गडगडाट होऊन बाकी काही कळेनासं झालं, तर ३-४ पावलं बाजूला सरकून बघायचं. तेवढ्याने फरक पडतो.

ए-४०३: आणि फार मागे गेलं तर?

ए-११०१: हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, तेही २० अंश तापमानाला. स्टेजपासून ७० मीटरवर उभा असलेल्याला ड्रमची काठी पडताना आधी दिसते आणि ठोका सुमारे ०.२ सेकंदांनी ऐकू येतो. मोठ्या मैदानात मागच्या लोकांसाठी मध्ये मनोऱ्यांवर आणखी स्पीकर लावतात. त्यांचा आवाज मुद्दाम तेवढाच उशिरा सोडतात, म्हणजे स्टेजकडून येणारा आणि मनोऱ्यावरचा आवाज एकत्र पोहोचतो. हे गणित चुकलं तर प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येतो. मागे उभं राहायचंच असेल तर असा एखादा मनोरा पुढ्यात असलेला बरा. खुल्या मैदानात वारा सुटला की मागचा आवाज मध्येच उंचावतो, मध्येच विरतो. त्याला तंत्रज्ञही फारसं काही करू शकत नाही.

बी-५०४: मी कान-नाक-घशाची डॉक्टर म्हणून लिहिते. जागा कुठलीही घ्या, इअरप्लग घेतल्याशिवाय पाठवू नका. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी एक हिशेब वापरतात: ८५ डेसिबलला ८ तास चालतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला फक्त १५ मिनिटं. रॉक कॉन्सर्टमध्ये १०० डेसिबल ही काही विशेष गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांसाठी जी मर्यादा सुचवली तीही १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबल, अशीच आहे. म्हणजे आयोजकांनी ती काटेकोर पाळली तरी दोन तासांत त्या हिशेबाच्या आठपट मात्रा कानात जाते. आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत.

बी-१०२: डॉक्टर, कापसाचे बोळे घातले तर नाही का चालत?

बी-५०४: नाही काका. कापसातून आवाज जवळजवळ तसाच आत जातो, आणि कान झाकलाय म्हणून माणूस बिनधास्त स्पीकरजवळ जाऊन उभा राहतो. ते जास्त वाईट. दोनच पर्याय. एक, फोमचे मऊ प्लग, आणि दुसरा, संगीतासाठी बनवलेले फिल्टरचे प्लग. फोम आवाज चांगला अडवतो, पण उंच पट्टीचा आवाज जास्त कापतो, त्यामुळे सगळं उशी कानावर धरल्यासारखं ऐकू येतं आणि मुलं वैतागून काढून टाकतात. फिल्टरचे प्लग सगळ्या पट्ट्या साधारण सारख्या खाली आणतात. गाणं तेच राहतं, नुसतं हळू होतं. कानात नीट बसलेल्या प्लगने १५ डेसिबल जरी उतरले तरी १०० चे ८५ होतात. ताई, तिला फिल्टरचेच घ्या.

सी-३०२: फोमचे घालायची काही पद्धत असते का? जोडीला ठेवीन म्हणते.

बी-५०४: असते, आणि बहुतेक लोक तिथेच चुकतात. हात धुवायचे. प्लग बोटांत वळून वळून बारीक, सुरकुती नसलेली वात करायची. उजव्या कानात घालायचा असेल तर डावा हात डोक्यावरून नेऊन उजव्या कानाची वरची पाळी वर आणि मागे ओढायची. त्याने आतली नळी सरळ होते. मग वात आत सरकवायची आणि फुगेपर्यंत बोटाने ३० सेकंद धरून ठेवायची. धरलं नाही तर फुगताना ती स्वतःच बाहेर येते. समोरून बघितल्यावर प्लग कानाबाहेर डोकावत असेल तर तो बसलेलाच नाही. तपासायला सोपं आहे. गाणी सुरू झाल्यावर दोन्ही तळहात कानांवर घट्ट धरायचे. त्याने आवाज खूप कमी झाला तर प्लग सैल आहे, काढून पुन्हा घालायचा. दाराशीच घालून आत जायचं, कान दुखल्यावर नाही. घरी दोन-तीनदा सराव करून घ्या.

कार्यक्रमानंतर कानात शिट्टी वाजत असेल किंवा दडे बसल्यासारखे वाटत असतील तर दुसरा दिवस शांततेत काढायचा, हेडफोन नाही. २४ तासांनंतरही गेलं नाही तर दाखवायचं. एका कानाने अचानक ऐकू येणं बंद झालं तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे. तिथे वाट बघण्यात उपचाराची संधी हातची जाते.

बी-१०२: आणि ते लखलख करणारे दिवे? फिट्स येणाऱ्या मुलांना त्रास होतो म्हणे.

बी-५०४: ज्यांना प्रकाशाने फिट येते त्यांनाच, काका. तसं असेल तर आपल्या डॉक्टरांना आणि आयोजकांना आधी विचारायचं. दिवे सुरू झालेच तर डोळे मिटून भागत नाही, प्रकाश पापण्यांतूनही जातो. तळहाताने एक डोळा पूर्ण झाकायचा आणि तोंड फिरवायचं. दमा असलेल्यांनी पंप खिशात ठेवायचा, स्टेजवर धूर सोडतात.

सी-७०१: मी गर्दी सांभाळण्याचं काम करते, माझंही लक्षपूर्वक वाचा. एका चौरस मीटरमध्ये ४ माणसं असली तर हलता येतं. ५ च्या पुढे चालणं अवघड होतं, ६-७ झाली की गर्दी पाण्यासारखी हेलकावते आणि कोणाचे पाय कोणाच्या ताब्यात राहत नाहीत. तिथे माणूस मरतो तो बहुतेक वेळा तुडवला जाऊन नाही. छाती फुगायला जागा न मिळाल्यामुळे, उभ्या उभ्या गुदमरून जातो. ३ डिसेंबर १९७९ ला अमेरिकेतल्या सिनसिनाटीत द हू या बँडच्या कॉन्सर्टला ११ जण दगावले, आणि ते दाराबाहेर. जागा राखीव नव्हत्या, पुढे पोहोचायची घाई होती आणि दारं मोजकीच उघडली होती. ३० जून २००० ला डेन्मार्कच्या रोस्किल्ड महोत्सवात पर्ल जॅम या बँडच्या वेळी स्टेजसमोर ९ जण दगावले. म्हणून पुढच्या भागात काय करायचं हे आधीच माहीत हवं.

सी-३०२: बाप रे. काय करायचं मग?

सी-७०१: घाबरू नका ताई, ओळखायला शिकवा. आपले हात सहज चेहऱ्यापर्यंत नेता येत नाहीत, किंवा आपण न हलता हलतोय, असं झालं की निघायची वेळ झाली. पुढचं गाणं कितीही आवडतं असलं तरी. हात छातीसमोर, कोपरं दुमडलेली, बॉक्सर उभा राहतो तसं. त्याने श्वासापुरती पोकळी राहते. एक पाय थोडा पुढे ठेवायचा. लोट आला की विरुद्ध ढकलायचं नाही, त्याच्यासोबत जायचं, आणि तो ओसरला की तिरकं, बाजूच्या दिशेने दोन पावलं काढायची. पुन्हा लोट, पुन्हा दोन पावलं. सरळ मागे फिरायला गेलं की सगळ्या गर्दीशी झुंज होते. खाली काही पडलं, फोन पडला, तरी वाकायचं नाही. ओरडण्यात दम घालवायचा नाही.

अगदी पुढे असेल तर कठड्यापलीकडे सुरक्षारक्षक उभे असतात. हात उंच करून त्यांच्याकडे बघायचं, ते वरून उचलून घेतात. दोन हातांची फुली केली तरी त्यांना कळतं. यात लाजायचं काही नाही, त्यांचं कामच ते आहे.

मध्येच गर्दीत गोल मोकळी जागा पडताना दिसली की तिथे धक्काबुक्कीचा नाच सुरू होणार. हौस नसेल तर लगेच चार रांगा दूर. असेल तर चष्मा काढून, आणि पडलेल्याला सगळ्यांनी आधी उचलायचं हा तिथला पहिला नियम. बूट बंद, नाडीला दुहेरी गाठ आणि टोकं आत खोचलेली. उघडी चप्पल, लांब ओढणी, लोंबणारे कानातले नकोत. रांगेत उभं राहतानाच पाणी प्यायचं. चक्कर येणारी बहुतेक मुलं तहानलेली आणि सकाळपासून उपाशी असतात.

ए-४०३: तिकिटाचं माझ्याकडून. फोनवरच्या पुष्कळशा तिकिटांचा बारकोड दर काही सेकंदांनी बदलतो, त्याचा स्क्रीनशॉट दारावर चालत नाही. आत नेटवर्क गळपटतं, म्हणून घरूनच तिकीट फोनच्या वॉलेटमध्ये उतरवून ठेवायचं. दाराशी स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवायचा. तिकिटाचा फोटो स्टेटसला टाकायचा नाही, बारकोड न बदलणारा असेल तर दुसराच कोणी आत जाऊन बसतो. उभं राहायच्या भागाला वयाची अट असू शकते, ती तिकिटावर आजच बघा ताई, आणि ओळखपत्र द्या. बॅगेचं माप आणि पॉवर बँक चालते का तेही तिथेच लिहिलेलं असतं.

भेटायची जागा आधीच ठरवा, बाहेरची, गेटचा क्रमांक सांगून. "मेन गेटला भेटू" म्हटलं की दोघं दोन गेटांवर उभे राहतात. मेसेज तासाभराने पोहोचतो.

सी-३०२: व्हिडिओ काढायचेत म्हणते ती.

ए-११०१: एखादं गाणं काढू दे, बाकी वेळ फोन खिशात. फोनचा माइक एवढ्या आवाजाला फाटतो, बेसच्या जागी नुसती खरखर येते. स्टेजवरच्या प्रखर दिव्याने चेहरे पांढरे पडतात, म्हणून चेहऱ्यावर बोट दाबून धरायचं, उजेड कुलूपबंद झाला की खाली ओढायचा. फ्लॅश बंद. तो पुढच्या माणसाच्या पाठीपलीकडे जात नाही.

सी-३०२: आणि वेळेचं? तिकिटावर संध्याकाळी ६ लिहिलंय.

ए-४०३: ती बहुधा दारं उघडायची वेळ. मग साधारण तास-दीड तासाने आधीचा छोटा बँड, अर्धा-पाऊण तास. मग २०-३० मिनिटं सामान बदलायला. मुख्य बँड दीड ते दोन तास. टी-शर्ट घ्यायचा असेल तर आत जाताना घ्या, संपल्यावर मापं उरत नाहीत.

ए-११०१: सामान बदलतानाचा तो अर्धा तास फुकट समजू नका. तंत्रज्ञ एकेक ड्रम वाजवून बघतो, गिटारी एकामागून एक तपासतात, माइकमध्ये नुसतं "टू, टू" म्हणतात. कुठला आवाज कुठून येतो हे तेव्हा सुटं सुटं ऐकायला मिळतं, पुढे ते कान ओळखतात. तिला सांगा, गाणी अल्बमसारखी ऐकू येणार नाहीत. बरेच बँड लाइव्ह वाजवताना अर्धा सूर खाली लावतात, गायकाचा गळा रोजच्या कार्यक्रमांना टिकावा म्हणून. लयही बहुतेकदा थोडी चढते. अल्बममध्ये एकावर एक चार गिटारी चढवलेल्या असतात, स्टेजवर दोनच माणसं वाजवत असतात. ते कमी पडणं नाही, तिथे वाजवणाऱ्याचा हात ऐकू येतो.

आणि शेवट ओळखायचा. बँड आत गेला, पण सभागृहाचे दिवे बंदच आहेत आणि स्टेजवरचं सामान कोणी हलवत नाही, म्हणजे ते परत येणार. दिवे लागले, रेकॉर्डेड गाणं सुरू झालं, कामगार वायरी गुंडाळायला लागले, की संपलं.

सी-३०२: सगळं वाचून दाखवलं. इअरप्लग, बूट, भेटायची जागा, सगळं कबूल. म्हणते, डेस्कपुढे उभी राहीन, पण एकदा तरी पुढून बघायचंच आहे.

सी-७०१: बघू दे की. आधीचा छोटा बँड वाजवत असताना पुढे जाऊ दे, तेव्हा गर्दी विरळ असते. स्टेज, माइकचे स्टँड, गिटारी सगळं हाताच्या अंतरावर दिसतं. तो बँड संपला की लगेच बाजूने मागे यायचं, कारण सामान बदलताना लोक पुढे दाटायला लागतात आणि दहा मिनिटांनी वाट उरत नाही.

ए-११०१: आणि चुलतभावाला तोवर डेस्कच्या कठड्यापाशी उभा करा. दोघांपुरती जागा पाठ टेकून धरून ठेवेल.