मदत हवी आहे: लाकडी ठशाचं काळं-पांढरं चित्र, पहाट की संध्याकाळ?

बंगाली मुद्राचित्रकार हरेन दास (1921–1993) यांच्या वळणाचं मुद्राचित्र (कोरलेल्या ठशावरून छापलेलं चित्र), विषय बंगालचं खेडं. सही नाही, प्रतीचा क्रमांक नाही. 10 पटीच्या भिंगाखाली ठिपक्यांची जाळी दिसत नाही, काळा सलग आहे. म्हणजे ऑफसेट (ठिपक्यांनी छापणाऱ्या यंत्रावरची) नक्कल नसावी.

आकाशातल्या आडव्या पांढऱ्या रेघा क्षितिजाशी दाट होतात, म्हणजे उजेड तिथून. सावल्याही बघणाऱ्याकडे येतात. खांद्यावर नांगर टाकलेला माणूस बैलांमागून झोपडीकडे चाललाय, त्यावरून संध्याकाळ वाटते. डाव्या-उजव्यावरून पूर्व-पश्चिम ठरवू नका, ठशात चित्र उलटंच उमटतं!

दुसरं, तळ्याच्या पाण्यातल्या बारीक रेघा बुजल्यात. जादा शाईने बुजल्या असतील तर काळ्याच्या कडेला शाईची किनार दिसायला हवी, ती नाही. मग ठसा झिजलेला, की कोरणीच उथळ? जाणकारांनी सांगावं.