कान देऊन ऐकलेले शब्द: तुमचे अनुभव सांगा

परवा पावसाची पहिली सर आली तेव्हा मी माझ्या साडेचार वर्षांच्या मुलीला खिडकीशी उभे करून ‘ये रे ये रे पावसा, तुला देतो पैसा’ हे गाणे म्हणून दाखवले. ‘पैसा झाला खोटा, पाऊस आला मोठा’ ही ओळ संपली तशी तिने खिडकीचे गज सोडले, माझ्याकडे वळून पाहिले आणि विचारले, “म्हणजे आपण पावसाला फसवलं?” हे गाणे मला आजीने शिकवले आणि पस्तीस वर्षे ते माझ्या तोंडात आहे, परंतु पावसाला आधी पैशाचे आमिष दाखवायचे, मग खोटे नाणे त्याच्या हातावर ठेवायचे आणि तरीही तो जोरात आला म्हणून टाळ्या पिटायच्या, असा व्यवहार आपण बाळांना शिकवतो, हे तिच्या प्रश्नापर्यंत माझ्या ध्यानातच आले नव्हते. पावसाने पैसा पाहिलाच नाही, तो आपल्यासाठी आला, असे मी तिला सांगितले. तिला ते पटले आणि सांगता सांगता मलाही पटले.

चाल एकदा तोंडात बसली की शब्दांकडे लक्षच जात नाही. आपल्या आवडीच्या एखाद्या गाण्यातील शब्द कधीतरी अचानक ऐकू आले आणि आपण थबकलात, असे झाले असेल तर तो प्रसंग येथे अवश्य लिहावा.

०००

माझे वडील शिंपी होते, त्यामुळे गदिमांच्या ‘झुकझुक झुकझुक अगीनगाडी’ या गाण्यातील एका कडव्याकडे आमच्या घरी धंद्याच्या नजरेने पाहिले जाई. त्यातला तालेवार मामा भाच्यांच्या कोटविजारींसाठी हजार वार रेशीम घेतो. एका दुपारी वडिलांनी कानामागची पेन्सिल काढली आणि कापडाच्या वेष्टनावर हिशेब मांडला. आठ-दहा वर्षांच्या मुलाचा कोट आणि विजार तीन वारांत आरामात बसते, म्हणजे हजार वारांत ३३३ भाचे होतात आणि वर एक वार उरतो, तो अस्तराला जाईल. मग त्यांनी मान वर करून मला जे सांगितले ते मी आजवर विसरलो नाही. त्याच गाण्यात मामाची बायको दारात आलेल्या मुलांना ओळखत नाही, ‘कुठली पोरटी’ असे म्हणते आणि भाच्यांना आपापली नावे सांगावी लागतात. “तीनशे तेहतीस भाचे असल्यावर त्या बाईनं चेहरे लक्षात ठेवायचे तरी किती?” असे वडील म्हणाले. तोवर मला ती मामी फार तुसडी वाटत असे. त्या दिवसापासून मी तिच्या बाजूचा झालो. ‘तालेवार’ला ‘वार’ हेच यमक शोभते आणि लहान मुलाच्या मनातील सर्वांत मोठा आकडा हजारच असतो, हे मला पुष्कळ नंतर कळले.

०००

भोंडल्यातील वेड्याच्या गाण्याविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. त्या गाण्यात बायको लाडू करते, तर वेडा ते चेंडू समजून खेळायला घेतो. ती करंज्या करते, तर तो होड्या म्हणून त्या पाण्यात सोडतो. येथवर सगळे हसण्याजोगे आहे. शेवटच्या कडव्यात मात्र बायको पलंगावर झोपलेली असते आणि ती मेली असे समजून तो तिला जाळून टाकतो. पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरून, नवे परकर-पोलके सावरत, आम्ही आठ-नऊ वर्षांच्या मुली हे कडवे सर्वांत मोठ्या आवाजात म्हणत असू, कारण ते संपले की खिरापत ओळखायची वेळ येई. गेल्या नवरात्रात माझी नात हेच म्हणताना ऐकले आणि माझ्या अंगावर काटा आला. मी माझ्या आईला, जिचे वय आता नव्वदीच्या घरात आहे, विचारले की तुम्हाला हे कधी खटकले नाही का. ती म्हणाली, “अगं, सासरी ज्या नवऱ्याबद्दल ब्र काढायची सोय नव्हती, त्याला अंगणात उभं राहून वेडा म्हणायला मिळायचं. शेवटचं कडवं तर आम्ही जोरात म्हणायचो, आत ऐकू जावं म्हणून.” मी ते कडवे गाळणार होते, आता गाळणार नाही, परंतु नात थोडी मोठी झाली की आईचे हे उत्तर तिला जरूर सांगेन.

०००

भोंडल्याचा विषय निघालाच आहे तर ‘कारल्याचा वेल लाव गं सुने, मग जा माहेरा’ याविषयी एक शेतकरी म्हणून सांगतो. बी टोकल्यापासून पहिले कारले हाती येईपर्यंत साधारण दोन महिने जातात, म्हणजे हस्त नक्षत्रात लावलेल्या वेलाची भाजी होईपर्यंत दिवाळी उलटून जाणार. त्या सासूला शेतीची उत्तम जाण होती.

०००

माझ्या धाकट्या भावाने हिंदीतील आकडे १९८८ सालच्या ‘तेज़ाब’मधील ‘एक दो तीन’ या गाण्यावरून पाठ केले. जावेद अख्तर यांनी त्या गाण्यात ‘तेरह’ या आकड्याला लागूनच ‘तेरा’ म्हणजे ‘तुझा’ हा शब्द ठेवला आहे, आणि तेथून गाणे ‘तेरा करूँ… इंतज़ार’ असे वाट पाहण्याकडे वळते. ही करामत फार सुरेख आहे. परंतु हिंदीच्या बाईंनी भावाला तेरानंतर काय येते असे विचारले, तेव्हा त्याने उभे राहून ठणठणीत आवाजात ‘करूँ’ असे उत्तर दिले.

०००

१९८० सालच्या ‘कुर्बानी’मध्ये ‘बात बन जाए’ असे शब्द आहेत. आमच्या चाळीतील सगळी मुले ‘बाप बन जाए’ असेच गात असत आणि एकाही मोठ्या माणसाने आम्हाला दुरुस्त केले नाही.

०००

मी विज्ञान शिकवते. ‘खामोशी’ या चित्रपटातील एका गाण्यात गुलज़ार यांनी डोळ्यांचा दरवळणारा सुगंध ‘पाहिला’ आहे, आणि सुगंध दिसतो कसा, असा वाद मी अनेक वर्षे हिरिरीने घातला. एकदा वर्गातील एका मुलाने शांतपणे विचारले की बाई, तुम्ही काल गाणाऱ्या मुलीचा आवाज गोड आहे म्हणालात, तो तुम्ही चाखला का. भडक वास, गोड आवाज, थंड रंग हे सारे मी रोज बोलते. तो वाद मी सोडून दिला.

०००

माझा अनुभव हसण्याजोगा नाही. १९९४ साली ‘मोहरा’ आला, त्याच्या पुढच्या वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनात आम्हा सहावीतील मुलींना ‘तू चीज़ बड़ी है मस्त मस्त’ या गाण्यावर नाचवले होते. गाणे ठेका धरायला लावणारे होते आणि मी मनापासून नाचले. घरी आल्यावर वेणी सोडता सोडता आईने एवढेच विचारले, “चीज म्हणजे काय गं?” मी म्हटले, वस्तू. ती काही बोलली नाही आणि मीही नाही. ते गाणे आजही कोठे वाजले की पाय हलतो आणि तो शब्द आला की थांबतो. मुलींची गाणी निवडणाऱ्या शिक्षकांनी आधी शब्द कागदावर लिहून एकदा मोठ्याने वाचावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

०००

मी बावीस वर्षे ट्रंक बोर्डावर, म्हणजे परगावचे फोन जोडून देणाऱ्या विभागात, टेलिफोन ऑपरेटर होते. १९४९ सालच्या ‘पतंगा’मधील रंगूनहून देहरादूनला केलेल्या टेलिफोनचे राजेंद्र कृष्ण यांचे गाणे आम्हा सर्वजणींचे लाडके होते आणि रात्रपाळीला, बोर्ड शांत असला की, आम्ही ते दोन गटांत म्हणत असू. एक गट त्यातील गायिका शमशाद बेगम व्हायचा आणि दुसरा गायक चितळकर. रंगूनशी आणि देहरादूनशी जुळावे म्हणून त्यात टेलिफोनचा ‘टेलीफून’ झाला आहे, आणि विरहात जानेवारी-फेब्रुवारीसुद्धा मे-जूनसारखे तापतात. आमचा आक्षेप निराळाच होता. ट्रंक कॉल तीन-तीन मिनिटांच्या हिशेबाने आकारला जाई, आणि ‘लाइटनिंग’, म्हणजे सर्वांत तातडीचा कॉल, लावला तर साध्याच्या कितीतरी पट पैसे पडत. लोक कोण वारले, गाडी किती वाजता, मनीऑर्डर मिळाली का, एवढेच घाईघाईने बोलून रिसीव्हर ठेवत. गाण्यातील नवरा मात्र परदेशातून बोलतो आहे आणि दोघांपैकी कोणालाही घाई नाही. म्हणून गाणे रंगात आले की आमच्यातील एक वयस्क सहकारी हेडफोन न काढता मध्येच म्हणत, “तीन मिनिटं झाली, वाढवून देऊ?” आणि दोन्ही गट एका सुरात ओरडत, “द्या, द्या!”